वस्तीत मोठं सुपरमार्केट येतंय: पुण्यात हरकत कशी घ्यायची

प्लॉटला पत्रे लागतात, जेसीबी आत शिरतो, कोपऱ्यावरच्या टपरीवर कुणीतरी नाव सांगतं आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर मोर्चाची तारीख ठरते. मोर्चा शेवटी काढायचा असतो. आधी पत्र्यावरच्या फलकाचा फोटो काढा. त्यावर सर्व्हे नंबर, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राचा म्हणजे सीसीचा क्रमांक आणि तारीख, मालकाचं आणि आर्किटेक्टचं नाव मिळतं. फलक लावलेलाच नसेल, तर तीच पहिली तक्रार.

पुढची पायरी म्हणजे परवानगी कोणी दिली ते शोधणं. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि कॅन्टोन्मेंट यांच्या हद्दी एकमेकींना खेटून आहेत. 2021 मध्ये पालिकेत आलेल्या 23 गावांत तर हे हमखास चुकतं आणि चुकीच्या टेबलावर महिना जातो.

कोणता मुद्दा चालतो, कोणता नाही

"आमची दुकानं बसतील" हे खरं असू शकतं, पण नकाशा मंजूर करणाऱ्या अभियंत्याला त्यावर काही करता येत नाही. घटनेच्या कलम 19 मध्ये व्यवसायाचं स्वातंत्र्य आहे आणि स्पर्धा होईल म्हणून परवानगी नाकारण्याची तरतूद नगररचना कायद्यात नाही. परकीय भांडवलाचा मुद्दाही बहुतेक वेळा फुकट जातो. 2012 चा 51 टक्क्यांचा नियम परदेशी गुंतवणुकीच्या किरकोळ साखळ्यांसाठी आहे, त्याला महाराष्ट्राने तेव्हाच होकार दिला होता आणि आज येणारी बहुतेक दुकानं भारतीय कंपन्यांची आहेत. तोट्यात माल विकतात ही तक्रार स्पर्धा आयोगाकडे नेता येते, पण आधी त्या कंपनीचं बाजारात वर्चस्व आहे हे दाखवावं लागतं. एका वस्तीपुरतं ते जवळपास अशक्य. "रात्री दुकान बंद ठेवा" हेही धरून बसू नका. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाचे 365 दिवस, चोवीस तास उघडं ठेवायची मुभा दिली आहे.

चालतात ते मुद्दे रुक्ष आहेत: रस्त्याची रुंदी, पार्किंग, मालाचे ट्रक, आग, आवाज, झाडं आणि मंजूर वापर.

एक गोष्ट मात्र आधीच पचवा. खासगी प्लॉटवर बांधकाम परवानगी देताना शेजाऱ्यांच्या हरकती मागवण्याचं बंधन 1966 च्या नगररचना अधिनियमात नाही. जाहीर नोटीस निघते ती विकास आराखड्यातलं आरक्षण किंवा झोन बदलायचा असेल तेव्हा. कलम 37 खालच्या अशा नोटिशीवर हरकतीला एक महिना मिळतो. म्हणून वर्तमानपत्रातल्या बारीक टायपातल्या जाहिराती वाचणारा एक निवृत्त काका गटात हवाच.

फाइल मिळवणं

माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, 10 रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह, बांधकाम विकास विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. महाराष्ट्रात अर्जाला 150 शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे. ती ओलांडली की अर्ज परत येतो, म्हणून बांधकामासाठी एक आणि अग्निशमनासाठी दुसरा असे वेगळे अर्ज करा. "का मंजूर केलं?" असं विचारू नका, कागद मागा: मंजूर नकाशा, सीसी, पार्किंगचा तक्ता, प्लॉटसमोरच्या रस्त्याची नोंदवलेली रुंदी, जोते म्हणजे पायाचा चौथरा तपासल्याचा दाखला. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा "त्रयस्थ पक्षाची माहिती" असं उत्तर आलं, तर पुढच्या 30 दिवसांत 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील. पालिकेत सोमवारी दुपारी 3 ते 5 फाइली पाहू देण्याची प्रथा 2009 मध्ये सुरू झाली होती. ती अजून चालू आहे का, याची जाण्याआधी त्या विभागात फोन करून खात्री करा. प्रकल्प महारेरात म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणात नोंदलेला असेल तर मंजूर नकाशा अर्जाशिवायही तिथे सापडतो.

नकाशा हातात आला की आधी "वापर" पाहा. अनेक मोठी दुकानं नवी इमारत बांधत नाहीत, तयार इमारतीचे खालचे मजले भाड्याने घेतात. मंजुरी कार्यालयाची किंवा मंगल कार्यालयाची आणि आत शॉपिंग ट्रॉल्या, असं असेल तर वापरातला बदल मंजूर करून घेतला का ते विचारा. दुसरी नेहमीची जागा तळघर. नकाशात पार्किंग आणि प्रत्यक्षात तांदळाच्या गोण्या. हे अनधिकृत विकासात मोडतं आणि नगररचना अधिनियमाच्या कलम 53 ची नोटीस मागता येते. अर्जात मुळातच खोटी माहिती दिलेली आढळली, तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 258 खाली परवानगी रद्द करण्याची मागणी करा.

रस्ता स्वतः टेपने मोजा, तीन ठिकाणी, फोटोसकट. नकाशावरचा रस्ता आराखड्यातला असतो. जागेवर मध्येच जुनी भिंत किंवा न हललेला विजेचा डीपी बॉक्स उभा असतो.

वाहनं मोजणं

इथे कंटाळा केला की उरलेली सगळी मेहनत वाया जाते. मोजणीचा दिवस नीट निवडा: महिन्याच्या 1 ते 10 तारखेतला शनिवार, संध्याकाळी 6 ते 9. पगार झाल्यावर महिन्याचा किराणा भरायला लोक याच वेळी निघतात. तुलनेसाठी एक मधला मंगळवारही घ्या. गणपती-दिवाळीचे दिवस टाळा, नाहीतर "सणाची गर्दी" म्हणून आकडे बाजूला ठेवले जातात.

प्रत्येक दिशेला दोन माणसं, एक बघणारा आणि एक लिहिणारा, दर 15 मिनिटांना नवी ओळ. दुचाकी, रिक्षा, चारचाकी, टेम्पो, बस-ट्रक असे रकाने. मग इंडियन रोड्स काँग्रेसच्या 106 क्रमांकाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे सगळं एका मापात आणा: दुचाकींचा वाटा 10 टक्क्यांवर असेल (पुण्यात असतोच) तर एक दुचाकी 0.75, चारचाकी 1, आणि वाटा कमी असलेल्या बस-ट्रकला 2.2. त्याच मार्गदर्शिकेत दोन पदरी दुतर्फा रस्त्याची तासाची क्षमता उपमुख्य रस्त्याला 1200 आणि वस्ती जोडणाऱ्या कलेक्टर रस्त्याला 900 धरली आहे. तुमचा आकडा आजच 850 असेल, तर "ट्रॅफिक फार आहे" यापेक्षा तो एक आकडा जास्त बोलतो.

दुसरं गणित गेटचं. पार्किंगच्या पावतीला एका गाडीमागे 20 सेकंद लागले तर एका खिडकीतून तासाला 180 गाड्या जातात. 240 आल्या, तर तासाअखेर 60 गाड्या बाहेर, आणि एका गाडीला 6 मीटर धरले तर 360 मीटरची रांग. म्हणून मागणी अशी लिहा: पावतीची खिडकी गेटवर नको, आत खोलवर, शनिवार-रविवारी दोन खिडक्या.

मालाच्या गाड्यांचंही विसरू नका. ट्रक आवारात वळतो का, की रस्त्यावर उलटा घेतात? वळायला जागा नसेल तर पहाटे चारला तुमच्या खिडकीखाली रिव्हर्सचा हॉर्न वाजणार. निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. गच्चीवरचे एसीचे पंखे आणि जनरेटर कोणत्या बाजूला येणार, तेही नकाशात पाहा.

बांधकाम क्षेत्र 20,000 चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे, त्यामुळे पर्यावरण मंजुऱ्यांच्या परिवेश या सरकारी संकेतस्थळावर स्वतः लक्ष ठेवा. मंजुरीविरुद्ध हरित लवादाकडे अपील 30 दिवसांत. कारण पटवलं तर आणखी 60 दिवस मिळू शकतात. लवादाचं पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे, एवढी एक सोय.

पत्र आणि माणसं

पत्र दोन पानांचं. वर सर्व्हे नंबर आणि सीसी क्रमांक, मग तीन-चार मुद्दे, प्रत्येकाखाली जोडपत्राचा क्रमांक. बांधकाम विकास, पथ विभाग, अग्निशमन दल आणि वाहतूक पोलीस यांना स्वतंत्र प्रती द्या आणि प्रत्येकीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. शिक्का नसलेलं पत्र दिलंच नाही असं समजा. पाचशे नुसत्या सह्यांपेक्षा दहा सोसायट्यांचे ठराव वजनदार ठरतात. सहीपुढे पत्ता नसेल तर ती कोणाची, हा पहिला प्रश्न येतो.

पुढे दुकानदारांनाच ठेवलं की "यांच्या गल्ल्याचं दुखणं" असा शिक्का बसतो. रहिवासी पुढे, दुकानदार सोबत. दुकानदारांनी आधी स्वतःच्या पायऱ्या, शेड आणि फुटपाथवरची तेलाची पिंपं आत घ्यावीत, कारण तक्रार गेली की अतिक्रमण विभागाची गाडी त्याच रस्त्यावर येते आणि ती भेदभाव करत नाही. वस्तीतल्या निम्म्या लोकांना स्वस्त डाळ हवीच असते, हेही मान्य करा. "दुकान नको" यावर गट फुटतो, "ट्रक आत उतरवा" यावर फुटत नाही.

निदर्शनं करायची तर स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. जमावबंदीचा आदेश लागू आहे का ते तिथेच कळतं. कंपनीबद्दल ग्रुपवर "भेसळ", "लाच" असले शब्द पुराव्याशिवाय टाकू नका. बदनामीची नोटीस आली की अर्धा गट गप्प होतो.

उच्च न्यायालयात जायचं तर पुण्याला मुंबईच गाठावी लागते. तिथे विचारतात, "इतके दिवस कुठे होतात?" जोत्याच्या पातळीवर आलेला माणूस आणि काचा बसल्यावर आलेला माणूस यांत फार फरक पडतो. बांधकाम बरंच पुढे गेलं की परवानगी मागे घ्यायला प्राधिकरणही कचरतं, कारण भरपाई मागितली जाऊ शकते.

आणि इमारत वापरायची परवानगी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र मिळून दुकान उघडलंच, तर मान्य झालेल्या अटींची एक प्रत पहारेकऱ्याच्या वहीसारखी वापरा: तारीख, वेळ, गाडीचा नंबर, फोटो. अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं नमुना 'ब' प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये त्याची प्रत माहिती अधिकारात मागा.