दिवाळीआधी कुत्र्याच्या गोळ्या मोजा

फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी पट्टा, बिल्ला, पाणी, बंद खिडक्या हे सगळ्यांना माहीत असतं. आधी त्याच्या भीतीवरच्या गोळ्या मोजा. नवरात्र संपायच्या आत, दवाखाना चालू असतानाच, तुळशीच्या लग्नापर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या आणि डॉक्टरांची नवी चिठ्ठी घरात हवी. गेल्या वर्षी ऐन धनत्रयोदशीला आमच्या चिंगीची अल्प्राझोलम, म्हणजे भीती कमी करणारी गोळी, संपलेली निघाली. डॉक्टर गावाला, चिठ्ठी जुनी. हे औषध एच-वन यादीतलं, म्हणजे सरकारचं कडक नियंत्रण असलेलं, केमिस्टला त्याची नोंद ठेवावी लागते. चिठ्ठीशिवाय तो देत नाही आणि देऊही नये. चिंगी रात्रभर पलंगाखाली लाळ गाळत थरथरत होती. म्हणून पुन्हा सांगते, गोळ्या मोजा.

भीती कमी करायला रोज द्यायची फ्लुओक्सेटिन वेगळी, फटाक्यांपुरती गोळी वेगळी. फ्लुओक्सेटिनचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, कधी आठही. त्यामुळे गणपतीतच डॉक्टरांशी बोला; वसुबारसेला सुरू करून या दिवाळीत उपयोग नाही. बरं दिसतंय म्हणून मनाने बंदही करू नका. गोचिडांसाठी अमिट्राझचा पट्टा किंवा औषध चालू असेल तर ते आधी सांगा, दोन्ही एकत्र धोक्याचं आहे. फटाक्यांसाठी ट्रॅझोडोन, गॅबापेन्टिन, जे काही लिहून दिलं असेल ते डॉक्टरांना विचारून एखाद्या शांत दिवशी देऊन बघा. काही कुत्री शांत व्हायच्या ऐवजी उलट बेचैन होतात, ते लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कळून काय करणार? नुसती एसेप्रोमाझिन ही गुंगीची गोळी दिली असेल तर का ते विचारा. तिने अंग ढिलं पडतं, भीती आत तशीच राहते.

गोळी पहिल्या फटाक्याच्या आधी पोटात गेली पाहिजे. किती आधी, ते औषधावर अवलंबून, डॉक्टरांना विचारा. कुत्रं थरथरायला लागल्यावर दिलेली गोळी फार कमी काम करते. संध्याकाळ सगळ्यांच्या लक्षात राहते, नरकचतुर्दशीची पहाट निसटते. अभ्यंगस्नानाच्या वेळेलाच बॉम्ब सुरू होतात, म्हणून त्याआधीच्या गोळीसाठी गजर लावा. रात्रीच्या आणि पहाटेच्या गोळीत किती तास हवेत ते चिठ्ठीवर लिहून घ्या. नव्या चिठ्ठीवर!

गोळी पनीरमध्ये द्या, लाडवात अजिबात नाही. बेदाणे आणि मनुका कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक असतात. माणसांची पातळ औषधं परस्पर देऊ नका, काहींत झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, असतं, तेही कुत्र्यांना विषच.

फिरवून आणायचं ते उजेडातच, आणि पट्ट्यानेच. आतली खोली, पंखा, टीव्ही. जवळ आलं तर कुरवाळा, त्याने भीती वाढत नाही. पलंगाखाली गेलं तर ओढू नका. रात्री उघडा असणाऱ्या पशुदवाखान्याचा नंबर फ्रिजवर. भाऊबीजेला गावी जाणार असाल तर गोळ्या हातातल्या पिशवीत. आणि पाडव्याला पुन्हा एकदा मोजा, फटाके तुळशीच्या लग्नापर्यंत वाजतात.