घरच्या फोनवर मशीनचे कॉल येत असतील तर काय करायचं

रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा फोन आला की बहुतेक लोक कट करतात आणि विसरून जातात. फार तर नंबर ब्लॉक करतात. तेवढ्यानं भागत नाही, कारण उद्या तेच लोक दुसऱ्या नंबरवरून फोन करतात. कट करा, पण त्याची तक्रारही नोंदवा, आणि ती आठवड्याच्या आत नोंदवा. या लेखात बाकीचं बरंच सांगणार आहे, पण एवढी एक गोष्ट केलीत तरी मला पुरे.

मी १९८६ साली साताऱ्याला टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले. तेव्हा ट्रंक कॉल बुक करून लोक तासन् तास वाट बघत बसायचे. जानेवारी २०२० मध्ये आमच्यातले हजारो लोक स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकदम बाहेर पडले, त्यांत मीही होते. आता बिल्डिंगमधले काका-काकू संध्याकाळी मोबाइल घेऊन माझ्याकडे येतात आणि त्यांच्या तक्रारी ऐकून घ्यायला मला मनापासून आवडतं. फोन वाजला की घरातल्या वयस्कर माणसाच्या छातीत धस्स व्हावं, ही गोष्ट मला सहन होत नाही. ज्या खात्यात उमेदीची वर्षं घालवली, त्या खात्यानं घरोघर पोचवलेली ही वस्तू आहे.

आधी हे कॉल येतात कसे ते सांगते, म्हणजे पुढचे नियम पटतील. हे नंबर फिरवायला माणूस बसलेला नसतो. कॉम्प्युटर एकाच वेळी शेकडो नंबर लावतो. कोणी उचलून ‘हॅलो’ म्हटलं की रेकॉर्डिंग सुरू होतं, किंवा मोकळ्या असलेल्या एजंटाकडे लाइन जोडली जाते. एजंट मोकळा नसेल तर तुम्हाला नुसती शांतता ऐकू येते आणि फोन आपोआप कट होतो. पुष्कळांना वाटतं की कोणीतरी मुद्दाम पाळत ठेवतंय. तसं काही नसतं, मशीनला तेवढ्या वेळात माणूस मिळालेला नसतो. पण तुम्ही बोललात किंवा एखादं बटण दाबलंत, की हा नंबर चालू आहे आणि इथे ऐकणारं माणूस आहे हे त्यांना कळतं. असा नंबर त्यांच्या दृष्टीनं जास्त कामाचा.

म्हणून पहिला नियम: अनोळखी नंबर असेल तर फोन उचला, पण आधी बोलू नका. खरा माणूस असेल तर दोन-तीन सेकंदांत तोच ‘हॅलो, हॅलो’ करतो. दुसरा नियम: बटण दाबायचं नाही, मशीन काहीही म्हणो. ‘असे कॉल नको असतील तर २ दाबा’ म्हणालं तरी नाही.

आमच्या सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत. दुपारी सगळे बाहेर असतात तेव्हा फोन त्याच उचलतात. मागे एकदा मी घरात असताना फोन आला, स्पीकर चालू होता. आवाज स्वच्छ, हिंदी: “आपका मोबाइल नंबर दो घंटे में बंद कर दिया जाएगा. अधिक जानकारी के लिए नौ दबाइए.” सासूबाई म्हणाल्या, “अगं बाई, कोण बोलतंय? बिल तर भरलंय आमचं.” मशीननं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. सासूबाईंनी पुन्हा उत्तर दिलं. समोरच्याचं बोलणं अर्ध्यावर तोडणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं, आणि त्या पिढीतल्या बहुतेकांना तसंच वाटतं. मी फोन ठेवला आणि म्हटलं, “आई, हे यंत्र आहे, त्याला वाईट वाटत नाही.” त्यांच्या मनात अडकलेली गोष्ट ती होती. हे एकदा नीट समजल्यावर त्या पटकन फोन ठेवायला लागल्या. तुमच्याही घरी तंत्रज्ञान समजवायच्या आधी हे समजवा.

‘दोन तासांत नंबर बंद’ हा प्रकार देशभर चाललेला आहे. बहुतेक वेळा नाव ‘ट्राय’चं घेतात. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण. ते कुणाचाही नंबर बंद करायला ग्राहकाला फोन करत नाही, हे त्यांनी स्वतः जाहीर केलेलं आहे. नऊ दाबलं की फोनवर माणूस येतो. मग तुमच्या आधारवर दुसरं सिम निघालंय, त्यावर गुन्हा दाखल झालाय, पोलिसांशी बोला, व्हिडिओ कॉलवर या, घराबाहेर पडू नका, असं प्रकरण वाढत जातं. ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात ते हेच. आपल्या कायद्यात फोनवरून अटक करण्याची तरतूदच नाही.

याचीच आणखी रूपं आपल्याकडे फिरतात. आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, बिल अपडेट नाही, या मोबाइल नंबरवर संपर्क करा. किंवा पेन्शनरांना नोव्हेंबरच्या सुमारास: हयातीचा दाखला फोनवरून करून देतो, पेन्शन खात्याचे तपशील सांगा. महावितरणची शंका असेल तर १९१२ लावा, दाखल्याचं काम बँकेत जाऊन करा. फोन करणाऱ्यानं दिलेल्या नंबरवर उलट फोन लावायचाच नाही. पाठवलेली फाइल किंवा अ‍ॅप उघडायचं नाही. स्टार ४०१ ने सुरू होणारं काही डायल करा असं कोणी म्हटलं तर ताबडतोब फोन ठेवा, त्यानं तुमचे कॉल त्याच्या फोनकडे वळतात. एप्रिल २०२४ पासून ही सोय बंद करायला दूरसंचार विभागानं कंपन्यांना सांगितलं, तरी सांगणारे भेटतात.

आता नोंदणी, म्हणजे ‘जाहिरातीचे कॉल-मेसेज नकोत’ असं कळवणं. यालाच डीएनडी (‘डू नॉट डिस्टर्ब’) म्हणतात. घरातल्या प्रत्येक सिमवरून वेगळी करायची आहे, एकाची केली म्हणून सगळ्यांची होत नाही. मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’ लिहा, एक जागा सोडा, शून्य लिहा, आणि १९०९ ला पाठवा. सगळ्या जाहिराती बंद. १९०९ ला फोन करूनही होतं. लँडलाइन असेल तर लँडलाइनवरूनच १९०९ लावा. ज्यांच्याकडे अजून जुना फोन आहे त्यांना हे माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगते.

सगळंच बंद करायचं नसेल तर विषयवार निवड करता येते: बँक-विमा-कर्ज, घरबांधणी, शिक्षण, आरोग्य, गाड्या आणि वस्तू, टीव्ही-मनोरंजन, पर्यटन, खाणं-पिणं. ट्रायच्या २०१८ च्या नियमांत याहून चांगली एक सोय आहे आणि ती फारशी कोणी वापरत नाही. तुम्ही जाहिरातीच्या पद्धतीवरही बंदी घालू शकता. म्हणजे मेसेज चालेल, पण रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा कॉल नको. वेळ आणि वारही ठरवता येतात. यासाठी ट्रायचं डीएनडी अ‍ॅप वापरा, मेसेजपेक्षा ते सोपं पडतं. ओटीपी आणि बँकेच्या व्यवहाराचे मेसेज यानं थांबत नाहीत, ती भीती मनातून काढून टाका.

नोंदणी केली तरी काही कॉल येत राहतात. एक तर फसवणारे असल्या यादीला भीक घालत नाहीत. दुसरं म्हणजे आपण स्वतः कुठेतरी परवानगी दिलेली असते. प्रदर्शनातली लकी ड्रॉची चिठ्ठी, कर्जाच्या फॉर्मवरचा बारीक अक्षरातला चौकोन. साडीच्या दुकानात बिल करताना मोबाइल नंबर मागतात. तो देणं सक्तीचं नाही, आणि दुकानदारांनी आग्रह धरू नये असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२३ मध्ये सांगितलेलं आहे. मी ‘नंबर नको, बिल कागदावर द्या’ म्हणते. देतात.

तक्रारीकडे येते. आमच्या फोनशेजारी एक दोनशे पानी वही आहे, तिला दोऱ्यानं पेन बांधलंय. कॉल आला की तारीख, वेळ, नंबर आणि काय म्हणाले ते एका ओळीत लिहायचं. सासूबाई लिहितात, “१४ तारीख, दुपार, स्वस्त कर्ज, बाईचा आवाज.” नंबर मी फोनमधून उतरवून घेते. लँडलाइनला नंबर दिसत नसेल तर कॉलर आयडी असलेलं इन्स्ट्रुमेंट घ्या, नंबर नसेल तर तक्रार उभीच राहत नाही. मग १९०९ ला मेसेज: आधी कॉल कशाचा होता ते दोन शब्दांत, स्वल्पविराम, ज्या नंबरवरून आला तो नंबर, स्वल्पविराम, तारीख. दिवस, महिना, वर्ष, प्रत्येकी दोन आकडी. उलट टपाली तक्रार क्रमांक येतो, तो वहीत त्याच ओळीपुढे लिहून ठेवा. डीएनडी अ‍ॅपमध्ये तर कॉलच्या यादीतून नंबर निवडला की झालं.

पूर्वी यासाठी तीनच दिवसांची मुदत होती. त्याच नियमांच्या फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनं ती सात दिवस झाली, आणि आता तुमची डीएनडी नोंदणी नसली तरी तक्रार घ्यावी लागते. साध्या दहा आकडी नंबरवरून जाहिरात करणाऱ्यावर टेलिफोन कंपनीनं पाच दिवसांत कारवाई करायची आहे, आधी तीस दिवस होते. दहा दिवसांत वेगवेगळ्या पाच लोकांच्या तक्रारी आल्या की त्या नंबराची चौकशी लागते. दोष सिद्ध झाला तर पहिल्यांदा पंधरा दिवस बाहेर जाणारे कॉल बंद, पुन्हा केलं तर वर्षभरासाठी सगळी कनेक्शनं तोडायची. पाचच लोक हवे आहेत, हे लक्षात घ्या. म्हणून मी बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्या मागे लागते. एकाच कर्जवाल्याचा फोन चार मजल्यांवर आलेला असतो आणि चौघंही कट करून गप्प बसतात.

तक्रार कुठे करायची यात लोकांचा गोंधळ होतो. नुसती जाहिरात असेल तर १९०९. फसवणुकीचा वास येत असेल, पण पैसे गेले नसतील, तर ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर किंवा अ‍ॅपवर ‘चक्षू’ नावाचा भाग आहे, तिथे. तो मार्च २०२४ मध्ये सुरू झाला. तिथेच आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही बघता येतं, ते एकदा घरातल्या सगळ्यांचं बघून घ्याच. पैसे गेले असतील तर १९३०, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे.

नंबरावरून थोडं ओळखता येतं. १४० ने सुरू होणारा नंबर जाहिरातीचा, तो बिनधास्त सोडा. बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांच्या कामाच्या कॉलसाठी १६०० ची मालिका ठेवलेली आहे. पण १६०० दिसलं म्हणून ओटीपी सांगायचा असं नव्हे. ओटीपी फोनवर कुणालाच सांगायचा नाही. गॅस सिलिंडरचा चार आकडी कोड सांगावा लागतो, मान्य, पण तो दारात टाकी आल्यावर, माणूस समोर उभा असताना. वयस्कर माणसं इथे गोंधळतात, तेव्हा हा फरक त्यांना वेगळा सांगा.

फोनमधल्या सेटिंगबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. आयफोनमध्ये अनोळखी कॉल गप्प करायची सोय आहे, अँड्रॉइडमध्ये स्पॅमची सूचना आणि गाळणी आहे. स्पॅमची सूचना चालू ठेवा, ती उपयोगाची आहे. पण अनोळखी सगळे कॉल गप्प करणं तरुण माणसाला ठीक, म्हाताऱ्यांच्या फोनवर नको. लॅबचा रिपोर्ट, सिलिंडरवाला, डॉक्टरांची रिसेप्शनिस्ट, गावाकडच्या भाच्यानं बदललेला नंबर, हे सगळे अनोळखीच असतात. त्यापेक्षा नेहमी फोन करणाऱ्या प्रत्येकाचा नंबर नावानिशी भरून द्या. दूधवाला, मेडिकलवाला, शेजारी, सगळे. शक्य असेल तर फोटोसकट. मग नाव दिसलं नाही की माणूस आपोआप सावध होतो. या कामाला एक दुपार लागते आणि ती दुपार सत्कारणी लागते.

फोनच्या वर भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत एक कागद चिकटवलाय. त्यावर लिहिलंय: मशीनचा आवाज आला की ठेवायचं. बटण दाबायचं नाही. कुठलाही आकडा सांगायचा नाही. पैशाचं किंवा पोलिसांचं बोलणं निघालं की “सुनेला विचारून सांगते” म्हणायचं आणि ठेवायचं. शेवटचं वाक्य सासूबाईंनीच सुचवलं. ते त्यांच्या तोंडी बसलेलं आहे, त्यामुळे घाबरल्यावरही आठवतं. तुमच्या घरी तुमच्या माणसाच्या तोंडचं वाक्य शोधा, माझं उचलू नका.

आणि तरीही कोणी बटण दाबून बसलं, आकडे देऊन बसलं, पैसे गेले, तर आधी १९३० लावा. लगेच, त्याच मिनिटाला, कारण पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवले तरच हाती लागायची आशा असते. मग बँकेला फोन करून कार्ड आणि खातं थांबवा, बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या, इंटरनेटवर शोधू नका. रागावू नका, निदान त्या वेळी तरी नाही. रागावलात तर त्यांना नेमकं काय झालं ते आठवणार नाही, आणि १९३० वाले तेच विचारतात: कुठल्या खात्यातून, किती रक्कम, किती वाजता, व्यवहाराचा क्रमांक काय, कुठल्या नंबरवरून फोन आला होता. बँकेचा मेसेज उघडून समोर ठेवा, वही घ्या आणि फोन लावा.