फ्लोरेन्सची संग्रहालये सोलापूरकरांनी कशी पाहावीत

इटलीच्या ठरावीक सहलींमध्ये फ्लोरेन्सच्या वाट्याला अनेकदा जेमतेम चार तास येतात. माझ्या पहिल्या खेपेला तसेच झाले. सहल कंपनीने आम्हाला सिन्योरिया चौकात उतरवले, तिथल्या डेव्हिडच्या पुतळ्यासमोर फोटो झाले आणि आमच्यातले कित्येक जण मायकेलअँजेलोची मूळ कलाकृती पाहिल्याच्या समाधानात सोलापूरला परतले. वास्तविक मूळ पुतळा १८७३ मध्येच तिथून हलवून आकादेमिया संग्रहालयात नेण्यात आला आणि चौकात दिसते ती १९१० मध्ये बसवलेली प्रतिकृती आहे. हे आम्हाला कोणी सांगितले नाही, याची खंत मला अजूनही वाटते. म्हणून, ज्यांना फ्लोरेन्सला स्वतःच्या हिमतीने जायचे आहे त्यांनी किमान तीन पूर्ण दिवस काढावेत आणि पुढील गोष्टी निघण्यापूर्वी ठरवून ठेवाव्यात.

पहिली गोष्ट वारांची. उफ्फिझी आणि आकादेमिया ही दोन्ही मोठी संग्रहालये सोमवारी बंद असतात, त्यामुळे मंगळवार ते गुरुवार असा मुक्काम सर्वांत सोयीचा पडतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयांत प्रवेश विनामूल्य असतो, पण इतक्या लांबून जाणाऱ्याने त्या दिवशीच्या गर्दीत सापडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिकिटे घरी बसूनच काढावीत आणि ती संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढावीत. शोध घेताना आधी मध्यस्थांची संकेतस्थळे समोर येतात. अशाच एका ठिकाणी मी मूळ दराच्या जवळपास दुप्पट पैसे भरले होते. पैसे युरोमध्ये भरायचे असल्याने बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून ठेवावेत, आणि तिकिटावरचे नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच, म्हणजे वडिलांचे किंवा पतीचे नाव असेल तर त्यासह, लिहावे. अठरा वर्षांखालील मुलांना सरकारी संग्रहालयांत प्रवेश शुल्क लागत नाही. ही सवलत परदेशी मुलांनाही आहे, मात्र मुलांचे पासपोर्ट सोबत ठेवावेत.

आता काय पाहावे याविषयी. फ्लोरेन्समध्ये इतके काही आहे की सगळे पाहू म्हणणाऱ्याच्या हाती शेवटी थकवाच लागतो. सोलापूरकरांना मात्र एक सोपा धागा उपलब्ध आहे, आणि तो म्हणजे कापडाचा. हे शहर श्रीमंत झाले ते सावकारीवर आणि कापडावर. लोकर, रेशीम, लिनन (जवसाच्या धाग्याचे कापड) यांच्या व्यापाऱ्यांचे वेगवेगळे संघ होते आणि शहरातल्या मोठ्या कलाकृतींचा खर्च बऱ्याच अंशी त्यांनी उचलला. बाप्तिस्मागृहाचे काम कापड व्यापाऱ्यांच्या संघाकडे होते, तर मुख्य चर्चचे बांधकाम लोकरसंघाच्या देखरेखीखाली होते. चर्चच्या परिसरात झेंडा घेतलेल्या कोकराचे चिन्ह दिसले तर ते या लोकरसंघाचे आहे हे ओळखावे. सोलापूरच्या कापडबाजारात, चाटी गल्लीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे शहर परके वाटण्याचे कारण नाही.

पहिला दिवस उफ्फिझीला द्यावा आणि सकाळी सव्वाआठची, म्हणजे दार उघडतानाची वेळ घ्यावी. ही इमारत १५६० मध्ये वास्तुकार वसारी याने फ्लोरेन्सचा राज्यकर्ता कोसिमो मेदिची याच्या सरकारी कचेऱ्यांसाठी बांधायला घेतली; ‘उफ्फिझी’ या शब्दाचा अर्थच मुळी कचेऱ्या असा आहे. मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत, त्या जमा कराव्या लागतात. फ्लॅश आणि सेल्फी स्टिक यांना परवानगी नाही. जुनी चित्रे वरच्या मजल्यावर आहेत आणि जिना चांगलाच मोठा आहे, म्हणून गुडघेदुखी असलेल्यांनी संकोच न करता लिफ्टची चौकशी करावी.

दालने साधारण काळानुसार लावलेली आहेत. सुरुवातीला चिमाबुए, दुच्चो आणि जोत्तो यांची प्रचंड आकाराची मेरीची चित्रे आहेत. त्यानंतर जेन्तिले दा फाब्रियानो याचे १४२३ चे तीन राजांच्या आगमनाचे चित्र येते. त्यातले तिन्ही राजे जरीकाम केलेल्या वस्त्रांत आहेत आणि सोनेरी नक्षी काही ठिकाणी चक्क उठावदार केलेली आहे. बोतिचेल्लीच्या दालनांत गर्दी असणारच. तिथे एक गोष्ट आवर्जून पाहावी: वसंत ऋतूचे चित्र लाकडी फळीवर काढलेले आहे, तर व्हीनसच्या जन्माचे चित्र कॅनव्हासवर, म्हणजे कापडावर आहे. त्याच चित्रकाराचे, हातात डाळिंब धरलेल्या बाळ येशूचे आणि मेरीचे गोल चित्रही याच संग्रहालयात आहे. डाळिंबाच्या जिल्ह्यातून गेलेल्या माणसाला तिथून लवकर हलावेसे वाटत नाही.

परंतु एकच चित्र पाहायला वेळ असेल तर मी ब्रोंझिनोने सुमारे १५४५ मध्ये काढलेले, कोसिमोची पत्नी एलेओनोरा दी तोलेदो हिचे व्यक्तिचित्र सुचवीन. नकाशात दालन सापडले नाही तर तिथल्या कर्मचाऱ्यास चित्राचे नाव सांगून विचारावे. दुसऱ्या खेपेला माझ्यासोबत काका होते, ज्यांचे सगळे आयुष्य सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांवर गेले. एलेओनोराच्या पांढऱ्या पोशाखावर काळी वेलबुट्टी आहे आणि छातीवर मधोमध सोनेरी डाळिंबाचा मोठा बुट्टा आहे. चेहऱ्याकडे न पाहता काका बराच वेळ त्या बुट्ट्याकडेच पाहत राहिले आणि मग म्हणाले, “याची कार्डं पंच करायलाच महिना गेला असता.” मी त्यांना सांगितले की छिद्रांच्या कार्डांवरून नक्षी विणणारे जेकार्ड यंत्र फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास आले, त्यापूर्वी अशी नक्षी विणताना दोऱ्यांचे जुडगे हाताने ओढणारा मदतनीस मागाजवळ लागत असे. त्यावर ते पुन्हा चित्राजवळ गेले आणि सोनेरी तारांचे फासे चित्रकाराने एकेक करून कसे दाखवले आहेत ते मला बोटाने हवेतच रेखून दाखवू लागले. एका चित्रापुढे आमची वीस मिनिटे गेली, आणि ती सत्कारणी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकादेमिया पाहावे. तिथे डेव्हिड आहेच, पाच मीटरहून उंच, १५०१ ते १५०४ या काळात अशा शिळेतून घडवलेला, जी आधीच्या शिल्पकारांनी अर्धवट सोडून दिली होती. मात्र त्याच्याकडे जाणाऱ्या मार्गावर दोन्ही बाजूंना मायकेलअँजेलोने अपूर्ण सोडलेले बंदिवानांचे पुतळे आहेत. त्यांवरचे छिन्नीचे घाव जवळून दिसतात, म्हणून आधी तिथे थांबावे. दुपारी मुख्य चर्चमागील संग्रहालय घ्यावे. ते चर्चच्या संस्थेचे असल्याने त्याचे तिकीट वेगळे काढावे लागते. गिबेर्तीने १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षे खपून केलेला बाप्तिस्मागृहाचा सोनेरी दरवाजा मूळ स्वरूपात इथे आहे. बाहेर जो दिसतो तो त्याची प्रतिकृती आहे. ४ नोव्हेंबर १९६६ च्या महापुरात या दरवाजाचे काही पट निखळले होते. घुमटावर चढायचे असल्यास ४६३ पायऱ्या आहेत आणि वेळ आधी राखून ठेवावी लागते; त्याच दिवशी दोन संग्रहालये असतील तर तो मोह टाळावा.

तिसरा दिवस बार्जेल्लो आणि ओर्सानमिकेले यांचा. या दोन्हींचे उघडे असण्याचे दिवस व वेळा बदलत असतात, म्हणून त्या आदल्या रात्री पाहून घ्याव्यात. बार्जेल्लो या शिल्पांच्या संग्रहालयात, बाप्तिस्मागृहाच्या आधीच्या एका दरवाजाच्या कामासाठी झालेल्या १४०१ च्या स्पर्धेसाठी गिबेर्ती आणि ब्रुनेलेस्की यांनी एकाच विषयावर केलेले दोन कांस्यपट शेजारी शेजारी आहेत. कोणाचा निवडावा, हे सोबतच्या मुलांना विचारावे आणि मगच निकाल सांगावा: काम गिबेर्तीला मिळाले. ओर्सानमिकेले ही पूर्वीची धान्यबाजाराची इमारत आहे. तिच्या बाहेरच्या कोनाड्यांत वेगवेगळ्या संघांनी आपापल्या संतांचे पुतळे बसवले होते. तिथे आता प्रतिकृती आहेत आणि बरेचसे मूळ पुतळे वरच्या मजल्यावर ठेवलेले आहेत. त्यांत लिनन कापडाच्या व्यापाऱ्यांसाठी दोनातेल्लोने १४११ ते १४१३ या काळात घडवलेला संत मार्क शोधावा. त्याच्या झग्याच्या चुण्या पाहून झाल्या की नजर खाली पायांकडे न्यावी: कापडवाल्यांचा हा संत उभा आहे तो एका उशीवर, आणि ती उशीही संगमरवराचीच आहे.