पेशीची रचना आणि कार्य: उत्तर लिहिताना या चुका टाळा

पेशीची रचना आणि तिचं काम यांचा संबंध स्पष्ट करा असा प्रश्न आला की बरेच जण अंगकांची, म्हणजे पेशीच्या आतल्या छोट्या भागांची, यादी उतरवून मोकळे होतात. केंद्रक, मायटोकॉन्ड्रिया (ऑक्सिजन वापरून ऊर्जा देणारे भाग), गॉल्जी बॉडी, सगळं तोंडपाठ, स्पेलिंगसकट बरोबर, आणि तरी मार्क अर्धेच. कारण विचारलेला असतो संबंध आणि आपण देतो वर्णन.

यावर एक साधी टेस्ट आहे. जे वैशिष्ट्य लिहिलंय ते मनातल्या मनात काढून टाका किंवा त्याचा आकार बदला, आणि मग नेमकं कुठलं काम अडतं ते बघा. काहीच अडत नसेल तर तुम्ही चुकीचं वैशिष्ट्य उचललंय किंवा कारण अजून सापडलेलं नाही.

तांबडी रक्तपेशी घ्या, कारण सगळ्यात जास्त गडबड तिच्यातच होते. "मधे खोलगट असते, केंद्रक नसतं" इथेच उत्तर संपवलं जातं. आता तीच 7-8 मायक्रोमीटरची चकती फुगवून गोल करा, आतला ऐवज तेवढाच ठेवा. काय झालं? पृष्ठभाग कमी झाला, म्हणजे ऑक्सिजन आत-बाहेर व्हायला जागा कमी, आणि कडेपासून मधल्या हिमोग्लोबिनपर्यंतचं (ऑक्सिजन धरणारं प्रोटीन) अंतरही वाढलं. शिवाय काही केशवाहिन्या या पेशीपेक्षाही अरुंद असतात, तिथून ती वाकून, दुमडून निघते, आणि गच्च फुगलेल्या गोलाला ते जमणारच नाही. केंद्रक नाही म्हणून हिमोग्लोबिनला जागा जास्त, मायटोकॉन्ड्रिया नाहीत म्हणून वाहून न्यायचा ऑक्सिजन स्वतःच खात बसत नाही. पण याची किंमत मोजावी लागते हे फारच कमी जण लिहितात: केंद्रक नाही म्हणजे नवीन प्रोटीन बनवता येत नाही, झीज भरून निघत नाही, आणि माणसात ही पेशी साधारण 120 दिवसांत बाद होते. हे एक वाक्य घातलं की उत्तराचा दर्जाच बदलतो बघा. सिकल सेल या रक्ताच्या आजाराचं उदाहरण पण इथेच द्या, हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत फक्त एक अमिनो आम्ल बदलतं आणि ऑक्सिजन कमी झाला की पेशी विळ्यासारखी वाकडी, कडक होऊन बारीक वाहिन्यांत अडकते. आकार बिघडला की काम बिघडतं याचा याहून सरळ पुरावा नाही.

आणि हो, "रक्तपेशीला केंद्रक नसतं" असं सरसकट लिहू नका. पक्षी, बेडूक, मासे यांच्या तांबड्या पेशींत असतं, आपल्या पांढऱ्या पेशींतही असतं.

वनस्पतीकडे आलं की दुसरीच भानगड. प्रत्येक वनस्पती पेशीत हरितलवक (प्रकाश वापरून अन्न बनवणारे हिरवे भाग) दाखवायचे आणि मायटोकॉन्ड्रिया फक्त प्राण्यांना द्यायचे! मूलरोमाची, म्हणजे मुळावरच्या केसासारख्या धाग्याची, पेशी जमिनीखाली, अंधारात, तिथे हरितलवक काय करणार? उलट खनिजं आत ओढायला तिला ऊर्जा लागते, म्हणून मायटोकॉन्ड्रिया हवेतच. जलवाहिनीच्या पेशी तर मेलेल्या असतात, आत काही नाही, मधल्या भिंती विरघळलेल्या, आणि म्हणूनच पाणी सलग वर चढतं. मेलेली पेशी निरुपयोगी असं डोक्यात असेल तर काढून टाका.

पानावरच्या बारीक छिद्राच्या, म्हणजे रंध्राच्या, दोन बाजूंना असलेल्या रक्षक पेशींबद्दल "त्या रंध्र उघडतात-मिटतात" एवढंच लिहितात, कसं ते गाळतात. छिद्राकडची भिंत जाड, बाहेरची पातळ, आणि दोन्ही पेशी टोकांना जोडलेल्या. पोटॅशियम आयन आत आले की मागोमाग पाणी येतं, पेशी फुगते, पण भिंत सगळीकडे सारखी ताणली जात नाही म्हणून ती बाहेरच्या बाजूला कमानीसारखी वाकते आणि मधे फट पडते. पाणी निघून गेलं की सैल पडून फट मिटते. बरेच जण हे नेमकं उलटं लिहितात, तेव्हा जपून.

भाषेतली एक चूक: "पाणी शोषण्यासाठी पेशीने आकार लांब केला". पेशी काही ठरवत नाही हो, लांब आकारामुळे शोषण वाढतं असं लिहा. तसंच चेतापेशी आणि स्नायूपेशीत डीएनए वेगळा असतो असंही नाही, डीएनए तोच, चालू असलेले जीन्स वेगळे.

हत्तीच्या पेशी उंदरापेक्षा प्रचंड मोठ्या असतील असं वाटतं, पण तसं नसतं, मुख्यतः पेशींची संख्या जास्त असते. पेशी मोठी होत गेली तर काय अडतं ते घनावरून बघा: 1 मिमी बाजूच्या घनाचा पृष्ठभाग 6 चौरस मिमी, आकारमान 1 घन मिमी. बाजू 2 मिमी केली की 24 आणि 8, म्हणजे गुणोत्तर 6 वरून 3 वर. आतलं पोट वाढतं त्या वेगाने दारं वाढत नाहीत. चेतापेशी मीटरभर लांब होऊ शकते ती बारीक राहते म्हणून.

प्रॅक्टिकलला अडलात तर: काळ्या जाड कडेचा अगदी गोल आकार दिसला तर ती पेशी नाही, हवेचा बुडबुडा आहे, कव्हर स्लिप तिरकी धरून हळू सोडा. कांद्याच्या पापुद्र्यात केंद्रक दिसत नसेल तर आयोडीन घाला, गालाच्या पेशींना मिथिलिन ब्लू. आणि पापुद्र्यात हरितलवक शोधत बसू नका, तिथे ते नसतातच.