जुनी डिझेल पिकअप सकाळी स्टार्ट होत नाही? पंप उतरवायच्या आधी या चुका टाळा

आमची पिकअप सेकंड हँड आहे, डिझेल, कॉमन रेलवाली (म्हणजे पंप एका सामायिक नळीत, रेलमध्ये, मोठ्या दाबाने डिझेल भरतो आणि कम्प्युटर नोझल उघडतो), आणि तिचं काम एकच, पहाटे ४ ला इंदूरच्या राजेंद्र नगरहून निघायचं, चोइथराम मंडीतून भाजी भरायची आणि ७ च्या आत मेसवाल्यांकडे टाकायची. घेतल्यावर पहिले पंधरा दिवस बरी चालली, मग एक दिवस पहाटे सेल्फ मारतोय, मारतोय, इंजिन फिरतंय पण पकडतच नाही, पाचव्या-सहाव्या वेळेला भडभडत चालू झाली. त्यानंतर दिवसभर एका चावीत स्टार्ट. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच.

यानंतर मी जे केलं ते अजिबात करू नका. आधी बॅटरी बदलली, मग डिझेल फिल्टर, मग एका मिस्त्रीने बॉनेट उघडून दोन मिनिटांत सांगून टाकलं, "भिया, पंप बैठ गया है, नोझल भी देखना पड़ेगा," आणि आकडा सांगितला ४०,०००. कुठलंही मीटर लावलं नाही, काही मोजलं नाही. माझे पैसे वाचले ते फक्त त्या आठवड्यात माझ्याकडे तेवढे नव्हते म्हणून.

पहिली चूक तर बोलण्यातच होते. "गाडी स्टार्ट होत नाहीये" एवढंच आपण सांगतो आणि त्यात दोन वेगळे आजार येतात. सेल्फ इंजिन फिरवतच नाही हा एक, आणि इंजिन छान फिरतंय पण पकडत नाही हा दुसरा. पहिल्यात डिझेलचा काही संबंध नाही, दुसऱ्यात बॅटरीचा थोडा असू शकतो, पण बहुतेक वेळा गडबड डिझेलमध्येच असते.

फिरतच नसेल तर आधी आवाज ऐका. टकटकटक असा पटापट आवाज म्हणजे बॅटरी मेली आहे नाहीतर टर्मिनल सैल आहे, एकच जोरात टक म्हणजे सेल्फचा सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) किंवा जाड वायर. आवाजच नाही तर फ्यूज, रिले, चावीचा स्विच बघा. साधा मल्टिमीटर घरात ठेवा राव, महागातला नको. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे, १२ वर आली असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे, नसेल तर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये आणि नवीन बॅटरी टाकली तरी चार दिवसांत तीही बसेल. आणखी एक, इंजिनपासून चेसीला जाणारी अर्थिंगची पट्टी. जुन्या पिकअपमध्ये ती गंजलेली असते आणि तिच्याकडे कोणीच बघत नाही. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारा, एकदम जोरात फिरलं तर चोर सापडला.

आमचं इंजिन मात्र जोरात फिरत होतं, म्हणजे मी बदललेली बॅटरी फुकट गेली (गेली नाही म्हणा, पण त्या महिन्यात तरी नको होती).

फिरतंय पण पकडत नाही, अशा वेळेला मागे जाऊन सायलेन्सर बघा. कोणालातरी चावी द्या आणि तुम्ही मागे उभे राहा. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाहीये, म्हणजे हिटर प्लग (थंड इंजिन आतून गरम करतो तो), कम्प्रेशन (पिस्टन हवा दाबतो तो दाब), थंडी अशी लाइन धरा. धूर अजिबात नाही म्हणजे डिझेल पोचतच नाहीये, किंवा कम्प्युटर नोझल (इंजिनात डिझेल फवारते ती) उघडूच देत नाहीये. तेव्हाच मीटरमधला आरपीएमचा काटाही बघा, इंजिन फिरतंय आणि काटा शून्यावरच पडून आहे तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे कम्प्युटरला सांगणारा) संशय घ्या. आणि चावीच्या खुणेचा दिवा लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (चोरी रोखायला चावी ओळखणारी सिस्टिम), दुसरी चावी लावून बघा आधी.

आता माझा धडा. मिस्त्री विचारत नाहीत आणि आपण सांगत नाही ती गोष्ट म्हणजे गाडी कधी त्रास देते. रात्रभर उभी राहिल्यावरच त्रास आणि नंतर दिवसभर ठीक, तर डिझेल लाइनमधून मागे टाकीत उतरतंय आणि त्याच्या जागी एअर भरतेय हा पहिला संशय, थंडीत हिटर प्लगसुद्धा. याच्या उलट, सकाळी मस्त आणि गरम झाल्यावर बंद केली की परत स्टार्ट व्हायला त्रास, तर नोझल रिटर्नला (टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत) जास्त डिझेल सोडतायत किंवा पंप झिजलाय, कारण गरम डिझेल पातळ होतं आणि फटीतून जास्त निसटतं. एवढ्या एका प्रश्नाने अर्धं निदान होतं. माझा त्रास फक्त पहाटेचा होता आणि तरी मला पंप विकला जात होता.

देवासहून मामा आले होते, त्यांचं अर्धं आयुष्य ट्रॅक्टरखाली गेलंय. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही, फक्त विचारलं, "रात्री कुठे उभी करतोस रे?" घरासमोर, चढावर, तोंड वर. "मग आज उलटी लाव." उलटी लावली. दुसऱ्या दिवशी पहाटे दुसऱ्या सेल्फला चालू!! तोंड वर असलं की इंजिन टाकीपेक्षा आणखी उंच जातं आणि लाइनमध्ये कुठेही बारीक फट असली की रात्रभरात डिझेल उतरून जातं.

"पण मामा, गाडीखाली तर एक थेंब पडलेला नाही," मी म्हटलं. मामा हसले. ज्या गाड्यांमध्ये टाकीत इलेक्ट्रिक पंप नसतो तिथे पुढचा पंपच टाकीतून डिझेल ओढतो, म्हणजे त्या पाइपमध्ये दाब नसतो, ओढ असते. फट असली तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. छप्पनवर (इंदूरची छप्पन दुकान खाऊगल्ली) कोल्ड कॉफी पिताना स्ट्रॉला भोक असलं की कॉफी टपकत नाही, नुसती हवा तोंडात येते, तसंच. म्हणून थेंब शोधत बसणं ही चूक. (चावी ऑन केल्यावर टाकीतून दोन सेकंद गुंईं असा आवाज येत असेल तर तुमच्यात इलेक्ट्रिक पंप आहे, तिथे मात्र लाइन ओली दिसेल.)

मग मामांनी फिल्टर आणि पंपाच्या मधे वीतभर पारदर्शक नळी टाकली, दोन्हीकडे क्लॅम्प लावून, डिझेलला चालणारी नळी हं, पाण्याची नको. फिल्टरजवळच्या हातपंपाने एअर काढली आणि गाडी चालू केली. आधी स्वच्छ पिवळसर डिझेल, मग एक मोहरीएवढा बुडबुडा, मग तीन-चार, मग त्यांची रांगच. फिल्टरच्या आधी नळी टाकली तरी बुडबुडे, टाकीच्या तोंडाशी टाकली तेव्हा बंद. म्हणजे चोर या दोन जागांच्या मधे. चेसीला टेकून जाणारा रबरी पाइप क्लॅम्पजवळ वाकवून बघितला तर नखाएवढी चीर, सरळ धरला की दिसतच नव्हती. दीड फूट पाइप आणि दोन क्लॅम्प, चहासकट ३०० रुपयांत काम झालं.

फिल्टरबद्दल दोन गोष्टी. नवा फिल्टर बसवताना मिस्त्री कॅनमधलं डिझेल त्यात वरून ओततात, जुन्या मेकॅनिकल पंपाला ते खपून जायचं, कॉमन रेलमध्ये ती घाण गाळली न जाता सरळ पंपात जाऊ शकते. कोरडा बसवा आणि हातपंप दाबत राहा, कडक होईपर्यंत. दुसरं, पावसाळ्यात फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा, पाणी जड असतं, ते तळाला वेगळं दिसेल.

सांभाळून ऐका, ही चूक जिवावर येते. जुन्या गाड्यांत एअर काढायला नोझलचा नट सैल करून सेल्फ मारायचे, कॉमन रेलमध्ये ते कधीही करू नका, सेल्फ मारतानाही नाही आणि इंजिन चालू असतानाही नाही. रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असू शकतो, ती बारीक धार चामडीतून आत शिरते, वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं आणि आतून हात सडायची वेळ येते. तशी लागलीच तर घरी मलम लावू नका, थेट हॉस्पिटल.

सेल्फ सुद्धा एका दमात १०-१५ सेकंदांवर मारू नका, मधे मिनिटभर थांबा. आणि हिटर प्लगवाल्या इंजिनात इथरचा स्प्रे मारू नका, भडका उडून पिस्टन फुटल्याच्या गोष्टी उगाच नाहीत.

चढावर लोड घेऊन दम तोडणारी गाडी हा वेगळा विषय, पण भेरूघाट चढताना आमच्या शेजाऱ्यांची व्हॅन हळूहळू मरायची आणि दहा मिनिटं थांबलं की परत चालायची, तर त्यांच्या टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं होतं. झाकण उघडल्यावर सुस्स आवाज आला की समजा. नाहीतर टाकीतली जाळी.

एवढं सगळं बघून झालं तरी त्रास आहे, तर मग स्कॅनर (गाडीच्या कम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावा आणि सेल्फ मारताना रेल प्रेशर बघा. साधारण २०० बारच्या वर गेल्याशिवाय बहुतेक गाड्या नोझल उघडतच नाहीत. प्रेशर बनत नसेल तरी लगेच पंप नाही, आधी चारही नोझलच्या रिटर्न नळ्या चार बाटल्यांत सोडून बघायच्या, एकच बाटली भराभर भरली तर दोषी ती एक नोझल. आणि भंगारातली नोझल टाकणार असाल तर तिच्यावरचा कोड कम्प्युटरमध्ये टाकावा लागतो बऱ्याच गाड्यांत, तो न टाकताच खडखड करणारी गाडी लोक महिनोन्‌महिने चालवतात.

खरी पहिली चूक मात्र गाडी घेतानाच झाली होती माझी. सकाळी ७ ला बघायला गेलो, मालकाने चावी फिरवली, एका सेकंदात चालू, मी खूश. जुनी गाडी थंड असतानाच स्टार्ट करून बघायची असते आणि त्याआधी बॉनेटवर हात ठेवायचा असतो. मी ठेवलाच नाही. मामा म्हणतात गरमच लागलं असतं.