म्हस कुठं गेली, ते आदी सांगा

क्लिनिकल सायकॉलॉजीतल्या एम.फिल.च्या पहिल्याच महिन्यात ओपीडीत एक काका आले. मी हिस्ट्री घ्यायला बसले. काय त्रास होतो विचारल्यावर म्हणाले, “जीव लागत नाही.”

“म्हणजे उदास वाटतं का?”

“नाही.”

“रडू येतं?”

“नाही ओ. जीव लागत नाही.”

मी केस शीटवर लिहिलं, ‘उदास वाटत असल्याचं नाकारतात.’ आमच्या सरांनी ते वाचलं आणि म्हणाले, “अगं, त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. तू चार प्रश्न विचारून ते खोडलंस.” आवडीच्या गोष्टींतला रस संपणं हे नैराश्याचं मुख्य लक्षण आहे. परीक्षेत त्यावर मी दहा मार्कांचं उत्तर इंग्रजीत लिहून आले होते. मराठीत कुणी तेच बोललं तर मला ओळखता आलं नाही.

या क्षेत्रात यायचंय म्हणून मुलंमुली भेटायला येतात, तेव्हा मी हा किस्सा आधी सांगते. मग प्रवेशाचं. नुसत्या एम.ए.वर दारावर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावणारे पुष्कळ दिसतात. त्या नावाने काम करायचं तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी लागते. त्यासाठीचा १९९२चा कायदा आहे. आमच्या वेळी त्याचा मुख्य रस्ता होता, आरसीआयमान्य संस्थेतलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. आता विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, एम.फिल. ही पदवीच बंद केली आहे. क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६च्या प्रवेशांपर्यंत सवलत दिली होती, पुढे नवे अभ्यासक्रम येताहेत. तेव्हा सीनियरच्या जुन्या माहितीवर विसंबू नका, कौन्सिलची यादी स्वतः उघडा आणि कॉलेजचं नाव त्यात आहे का ते फी भरायच्या आधी बघा. आणि हो, आपण औषधं लिहून देत नाही, ते मानसोपचारतज्ज्ञांचं, म्हणजे एम.बी.बी.एस.नंतर मानसोपचारात शिकलेल्या डॉक्टरांचं काम. लग्नकार्यात नातेवाईक तरीही झोपेची गोळी विचारणारच.

दोन वर्षं सकाळी ओपीडी, मग वॉर्ड, दुपारी टेस्टिंग, रात्री रिपोर्ट. पहिले सहा महिने मी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडायचे. त्यावर उपाय सुपरव्हिजन, म्हणजे आपली केस अनुभवी माणसासमोर मांडणं. मी ते अजून करते, पैसे देऊन करते.

लिहायला लागले ते झेरॉक्सच्या कागदापासून. पॅनिकचे, म्हणजे अचानक भीतीचा झटका येणारे, रुग्ण यायचे. दोनदोन ईसीजी काढून झालेले, दोन्ही नॉर्मल, आणि घरचे म्हणायचे, नाटकं करतो. द्यायला आमच्याकडे एक सरकारी मराठीतला कागद होता, तो मलाच दोनदा वाचावा लागायचा. मग रुग्ण जे बोलायचे तेच मी एका पानावर उतरवलं. छातीत धडधडतं, हातापायाला मुंग्या येतात, आता आपण जातो असं वाटतं, हे दहा-वीस मिनिटांत ओसरतं आणि याने माणूस मरत नाही. एका रुग्णाच्या भावाने त्याच्या पन्नास प्रती काढून गावात वाटल्या. तिथून पुरवणीतला लेख, मग सदर, मग पुस्तक. पहिल्या लेखाचं मानधन पाचशे रुपये आलं, तेही सहा महिन्यांनी. लिहिण्यावर घर चालवायचं स्वप्न असेल तर ओपीडी सोडू नका.

लिहिताना एकदा माझ्याकडून वाईट चूक झाली. एक बाई घराबाहेर पडल्या की गॅस बंद केलाय का ते बघायला तीन-तीनदा परत जायच्या. शेवटी त्यांनी उपाय काढला, रेग्युलेटरचा रोज मोबाइलवर फोटो काढायचा आणि ऑफिसात बसून तो बघत राहायचं. सदरात मी नाव बदललं, वय बदललं, गाव बदललं. फोटो तेवढा ठेवला, कारण लेखाचा जीव त्यातच होता. पुढच्या वेळी त्यांनी कात्रण टेबलावर ठेवलं. “हा फोटो माझाच ना?” नंतरच्या दोन अपॉइंटमेंट त्यांनी रद्द केल्या, तिसरीला आल्या. ज्या तपशिलावर लेखकाचा हात शिवशिवतो, नेमक्या त्याच तपशिलाने माणूस ओळखू येतो. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाच्या गोपनीयतेवर स्वतंत्र कलम आहे, ते मला पाठ होतं. तरी चूक व्हायची ती झालीच. आता मजकूर आधी त्या माणसाला वाचून दाखवते. तो नको म्हणाला की फाइल डिलीट.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला पूर आला. पाणी ओसरू लागल्यावर एका वैद्यकीय पथकाबरोबर मी शिरोळ तालुक्यात गेले. घराघरात गुडघाभर गाळ, भिजलेल्या धान्याचा आंबूस वास, कडेला उसाचे कुजलेले फड. एका पडवीत साठीच्या मावशी खराट्याने गाळ ओढत होत्या. मी जाऊन विचारलं, “मावशी, कसं वाटतंय?”

“काय वाटायचं? म्हस कुठं गेली, ते आदी सांगा.”

जागतिक आरोग्य संघटनेची २०११ची एक पुस्तिका आहे, मानसिक प्रथमोपचारावरची. सार तीन शब्दांत, पाहा, ऐका, जोडून द्या. संकटातून आलेल्या माणसाला लगेच बसवून सगळं बोलायला लावण्याची पद्धत एके काळी जोरात होती. त्याने पुढचा त्रास टळत नाही, काहींना तर उलट अपाय होतो, असं नंतर दिसलं. मी हे शिकवतसुद्धा होते. तरी पडवीत तोंडातून आला तो ओपीडीतलाच प्रश्न. मग त्यांनी खराटा बाजूला ठेवला आणि मी त्यांच्याबरोबर निघाले. पंचनाम्यात वाहून गेलेली म्हैस कशी दाखवायची, हा प्रश्न होता. जनावर समोर नाही, तर पुरावा काय देणार? अर्ज लिहिला, शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या, तलाठ्यासाठी दोन तास रांगेत उभे राहिलो. तिथे त्या आपणहून बोलल्या. “दावं म्याच सोडलं. न्हाई सोडलं तर खुट्ट्यालाच बुडली असती. सोडलं, तर आता कुठं गेली कळंना.” ‘तुमची चूक नाही’ हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी गप्प बसले.

अशा पूरग्रस्त गावांत जायचंच असेल तर तिथे आधीपासून काम करणाऱ्या संस्थेबरोबर जा. स्वतःचं पाणी, डबा आणि गमबूट न्या, त्यांच्या वाटणीतलं खाऊ नका. गावात शिरल्यावर आधी आशाताईंना गाठा, कुठल्या घरात कोण रात्रभर जागं असतं हे त्यांना ठाऊक असतं. प्रश्नावल्या भरून घेऊ नका, आणि त्यांच्या घरात उभं राहून सेल्फी तर नकोच. पहिल्या आठवड्यात मदतीच्या गाड्यांनी रस्ता अडतो, दिवाळीनंतर कुणी फिरकत नाही. झोप उडते, दारू वाढते, कर्जाचे हप्ते तुंबतात, ते तेव्हा. रजा त्यासाठी राखून ठेवा. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर गावात देऊन या. परत आल्यावर आपल्यालाच झोप लागेनाशी झाली तर तो आपल्यालाही चालतो.

हे छापायला देण्याआधी मावशींना फोन केला आणि त्यांच्यापुरता मजकूर वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, “माझं नाव नगं घालू. म्हशीचं घाल. चंद्री.”