टाइपस्क्रिप्ट वापरताना या चुका टाळा

टाइपस्क्रिप्ट म्हणजे टाइप (व्हॅल्यू नंबर आहे की स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, वगैरे) लिहून तपासता येणारं जावास्क्रिप्ट. ‘आमचा कोड टाइपस्क्रिप्टमध्ये आहे, टाइपची गडबड होणारच नाही,’ असं कोणी छातीठोकपणे सांगितलं की मी आधी त्या कोडमध्ये ‘ॲज’ शोधतो, म्हणजे कोड चालण्याआधी तपासणाऱ्या कंपायलरला ‘ही व्हॅल्यू अमुक टाइपची धर’ असं सांगणारा शब्द. ढिगाने सापडतात.

‘ॲज’ काही बदलत नाही, काही तपासतही नाही. कंपायलरला फक्त गप्प बसवतो. कंपाइल झाल्यावर सगळे टाइप पुसले जातात आणि चालतं ते साधं जावास्क्रिप्ट.

एका ऑनलाइन दुकानाचा हिशेब जुळत नव्हता. ४५० रुपयांची वस्तू, ६० रुपये डिलिव्हरी, आणि ग्राहकाकडून घेतले ४५० रुपये १ पैसा. सगळे डिलिव्हरीच्या दरांचं टेबल उपसत बसलेले. गोम वेगळीच होती. पोस्टग्रेस डेटाबेसमधला ‘न्यूमेरिक’ (दशांश आकड्यांचा) कॉलम नोडचा ड्रायव्हर, म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी, स्ट्रिंग म्हणून देतो, दशांशाची अचूकता जाऊ नये म्हणून. इकडे कोणीतरी आलेल्या डेटाला ‘ॲज ऑर्डर’ लावून मोकळं झालेलं, आणि ‘ऑर्डर’ या टाइपमध्ये किंमत ‘नंबर’. म्हणजे बेरीज न होता आकडे शेजारी चिकटले: ‘४५०.००’ अधिक ६० झाले ‘४५०.००६०’. पुढे रुपयांचे पैसे करायला १०० ने गुणलं. गुणाकारात जावास्क्रिप्ट स्ट्रिंगचा मुकाट्याने नंबर करतं. राउंड होऊन ४५,००१ पैसे. कुठेही एरर नाही.

आधी हे का दिसलं नाही? जुन्या बिलात किंमत गुणिले नग होतं, तिथेच स्ट्रिंगचा नंबर व्हायचा. ‘लगेच घ्या’ बटणासाठी कोणीतरी ‘नग एकच आहे’ म्हणून तो गुणाकार काढला.

बाहेरून येणारी प्रत्येक गोष्ट, म्हणजे एपीआय, फॉर्म, डेटाबेस, मी ‘अननोन’ (तपासल्याशिवाय वापरू न देणारा टाइप) म्हणूनच आत घेतो. हा टाइप ३.० आवृत्तीपासून, २०१८ पासून आहे, त्यामुळे सबब चालणार नाही. दारातच झॉड या तपासणीच्या लायब्ररीने तपासायचं आणि टाइप तिच्याच स्कीमावरून (डेटा कसा असावा याच्या वर्णनावरून) काढायचा, हाताने दुसऱ्यांदा लिहायचा नाही. जेसन मजकुराचा डेटा करणारं ‘जेसन पार्स’ हे फंक्शन ‘एनी’ (काहीच न तपासणारा टाइप) परत करतं, म्हणून ते थेट वापरलेलं मला रिव्ह्यूमध्ये खपत नाही. आणि रकमा रुपयांत नाही, पूर्णांकात, पैशांतच ठेवाव्यात.

एडिटरमध्ये एररची लाल रेघ दिसली की ‘एनी’ टाकणाऱ्या नवशिक्यांना एवढंच: तो जिथे टाकता तिथे थांबत नाही, त्या व्हॅल्यूबरोबर पुढच्या फंक्शनांत झिरपतो. दहा मिनिटं एरर वाचा. शेवटची ओळ आधी वाचा, खरं कारण बहुधा तिथेच असतं.

‘स्ट्रिक्ट (कंपायलरची कडक तपासणी) नंतर चालू करू.’ ते नंतर कधीच येत नाही.

‘स्ट्रिक्ट’ लावूनही ॲरेच्या नसलेल्या जागेवरची व्हॅल्यू कंपायलर आहे असंच धरतो. त्यासाठीचा ‘नो अनचेक्ड इंडेक्स्ड ॲक्सेस’ हा पर्याय वेगळा चालू करावा लागतो.

ग्राहकाचा आयडी आणि ऑर्डरचा आयडी दोन्ही स्ट्रिंग असतील तर अदलाबदल झालेली कंपायलरला कळणार नाही. नुसतं टाइपला वेगळं नाव देऊन भागत नाही, ब्रँड, म्हणजे कंपायलरला दोन टाइप वेगळे दिसतील अशी खूण, लावा.

आणि पुढच्या ओळीची एरर दाबणारी ‘टीएस इग्नोर’ ही कॉमेंट लिहायचीच असेल तर ‘टीएस एक्स्पेक्ट एरर’ लिहा. खालची चूक कोणी दुरुस्त केली की तो स्वतःच ओरडतो, मला काढा म्हणून.